मॅच कुठं बघितली? परभणी ते तुळजापूर, चार दिवस

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री बारा वाजून गेल्यावर अण्णांचा फोन आला. महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये हरमनप्रीतनं मागं पळत जाऊन शेवटचा झेल घेतला होता, नवी मुंबईत फटाके उडत होते आणि परभणीत माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील टीव्हीसमोर एकटे बसून रडत होते. "बघितलीस ना?" एवढंच विचारलं. बघितली म्हटलं. मग बराच वेळ दोघंही गप्प. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "कुठं बसून बघितलीस?"

आमच्याकडे हा प्रश्न सहज येतो. मराठवाड्यातल्या माणसाला कसोटी किंवा वन-डे मैदानात बसून बघायची तर मुंबई, पुणे, नागपूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. तिकीट, लॉज, जाणं-येणं सगळं धरलं तर ते आयुष्यात एखाद्या वेळेस जमतं, बहुतेकांना तेही नाही. त्यामुळे आमच्या आठवणीतल्या सामन्याला कुणाचं तरी घर असतं, हॉटेल असतं, पार असतो. अण्णांच्या आठवणीत एसटी असते. तेहतीस वर्षं कंडक्टर होते ते.

डिसेंबरात चार दिवसांची रजा काढली. ठरवलं की अण्णांना गाडीत घालायचं, त्यांच्या जुन्या सोबत्यांकडे जायचं आणि प्रत्येकाला हेच विचारायचं. येळवस, लातूरकडचा शेतातला सण, त्यातच येत होती, म्हणून लातूर तिसऱ्या दिवशी ठेवलं.

पहिला दिवस : परभणी

पुण्याहून रात्रीची रेल्वे, सकाळी परभणी. स्टेशनाबाहेर पडले तर थंडीनं कान दुखायला लागले. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आम्ही लहानपणापासून अभिमानानं म्हणत आलोय, पण डिसेंबरातली इथली पहाट खरंच परदेशातली वाटावी अशी असते. तुम्ही या दिवसांत येणार असाल तर स्वेटर, मफलर दोन्ही आणा. दुपारी ऊन चटकतं म्हणून फसू नका.

संध्याकाळी अण्णांचे ड्रायव्हर सोबती घरी आले. मी त्यांना काकाच म्हणते; अण्णांची आणि त्यांची ड्यूटी कित्येक वर्षं एकत्र. त्या रात्री लखनौला भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी होती. हुरडा भाजून आणला होता, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. टीव्ही लावला आणि टीव्हीत नुसतं धुकं. पंच मैदानात येतात, बघतात, परत जातात. टॉससुद्धा होईना. साडेनऊच्या सुमारास सामना रद्द झाला तोवर आमच्या ताटातला हुरडा संपला होता आणि बोलणं मात्र रंगात आलं होतं. एकही चेंडू न पडलेल्या त्या सामन्याचे मला उपकार वाटतात. खेळ सुरू झाला असता तर कुणी तोंड उघडलं नसतं.

काकांनी १९८३ काढलं. २५ जून, शनिवार. दोघांची मुक्कामी गाडी होती, जिंतूर तालुक्यातल्या एका गावाला. ज्यांना मुक्कामी गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : रात्रीची शेवटची एसटी गावातच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर देवळात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघायची. अण्णांकडे ट्रान्झिस्टर होता. गाडीत नीट लागेना म्हणून ते टपावर चढून बसले. कधी इंग्रजी, कधी हिंदी, मध्येच नुसती खरखर.

"आपले एकशेत्र्याऐंशीला आटपले," काका सांगत होते. "म्या म्हनलं कंडक्टरसाहेब, झोपा आता. पहाटं गाडी काढायचीय. रिचर्ड्स हाय त्यांच्यात."

ते सीटवर आडवे झाले. अण्णा टपावरच. रिचर्ड्स हाणत सुटला होता, २८ चेंडूंत ३३. मग मदनलालच्या चेंडूवर कपिल उलटा पळत गेला आणि अण्णांनी टपावर पाय आपटला. खाली काका दचकून उठले. तिथून पुढं दोघंही टपावर. रात्री बाराच्या सुमारास वेस्ट इंडिज १४० वर संपले तेव्हा काका खाली उतरले, स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी भोंगा दाबून धरला. झोपलेलं अख्खं गाव उठलं. माणसं काठ्या घेऊन धावत आली, चोर शिरले म्हणून. अण्णांना टपावरून ओरडून सांगावं लागलं की वर्ल्ड कप आलाय.

"कुनाला कळलं काय की," काका म्हणाले. "पर एका म्हातारीनं चुलीवर चा टाकला. वर्ल्ड कपचा पैला चा म्या पेलोय."

मग अण्णांनी शारजा काढलं. २२ एप्रिल १९९८. आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या घरी रंगीत टीव्ही होता. बैठकीत पुरुष आणि पोरं दाटीवाटीनं, दारात चपलांचा ढीग. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला २८५ हवे होते, फायनलला पोचायला २५४ पुरेसे होते. सचिन खेळत होता, तिकडं वाळूचं वादळ उठलं आणि इकडं लाईट गेली. अण्णा आणि आणखी एकजण सायकलवर निघाले, ओळखीच्या गॅरेजातून ट्रॅक्टरची बॅटरी सोडवली, कुणाच्या तरी घरून बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही उचलला. तारा जोडल्या, चित्र आलं, तर सचिन नुकताच परत मैदानात उतरत होता. वादळानं तिकडं खेळ थांबला होता तेवढ्यात ह्यांचं सगळं उरकलं. १४३ मधल्या फार थोड्या धावा चुकल्या. अण्णा ही गोष्ट सांगताना नेहमी हात जोडतात. सामना हरलो, फायनल गाठली आणि २४ तारखेला, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, त्यानं आणखी १३४ केल्या.

मी गप्प ऐकत होते. त्या रात्री मी बारा वर्षांची होते आणि त्याच घरात होते. पण अण्णांनी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसरा दिवस : पाथरी, माजलगाव, बीड

भावाची गाडी घेतली. मानवत, पाथरी करत माजलगावचा रस्ता. पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानतात, तिथं दर्शन घेऊन निघालो. पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. एक सांगून ठेवते : हंगामात या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. ट्रॉल्यांना मागं दिवे असतीलच असं नाही.

माजलगावच्या अलीकडे पाण्याची बाटली घ्यायला थांबलो तिथं रस्त्याकडेला कोप्या होत्या. ऊसतोड टोळीच्या. दुपारची वेळ, बहुतेक सगळे फडात. एक विशीतली सून बाळ आजारी म्हणून मागं राहिली होती. तिच्या मोबाइलच्या मागच्या बाजूला जेमिमाचं चित्र चिकटवलेलं दिसलं. मी विचारल्याशिवाय राहूच शकले नाही.

म्हणाली, सेमीफायनलच्या वेळी गावातच होते. निघायची तयारी चालली होती, मुकादमाकडून उचल घेतलेली, भांडी बांधायची होती. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियानं ३३८ केल्या तेव्हा घरातल्यांनी टीव्ही बंद केला. तिनं मोबाइलवर लावून ठेवला आणि भांडी बांधत बांधत जेमिमाच्या १२७ बघितल्या. फायनलच्या रात्री मात्र ती इथं, ह्याच कोपीत. पावसामुळे सामना उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला होता.

"मोबाइल टॅक्टरला लावून चार्ज करून घेतला आधीच. शेफालीनं सत्त्याऐंशी केल्या तवर चार्जिंग होती. मग परत लावला. हरमननं कॅच घेतला तवा मालकाला हलवून उठवलं. ते म्हनले झोप, पहाटं फड गाठायचाय."

"मग झोपलीस?"

"न्हाई. कप हातात घेईपर्यंत बघितलं. तसंच कोयता घेऊन गेले फडात."

अण्णा गाडीत येऊन बसले ते बीड येईपर्यंत बोलले नाहीत. ट्रॅक्टरची बॅटरी, म्हणाले मग एकदम. अजून तीच.

बीडला पोचलो तर दुपार कललेली. कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात उभं आहे, संध्याकाळच्या उन्हात बघावं असं. सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडला रेल्वे यायला लागली आहे. वर्षानुवर्षं या रेल्वेची वाट बघितलेल्या जिल्ह्यात ती शिट्टी ऐकताना मला भरून आलं.

बीडमध्ये क्रिकेटचं नाव काढलं की दोन नावं निघतात. जुन्या माणसांकडून संजय बांगर, पोरांकडून सचिन धस. बांगर बीडला जन्मलेला. अण्णांचे एक सोबती, पुढं वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झालेले, २००२ च्या लीड्स कसोटीबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. सगळ्यांना सचिनचे १९३, द्रविडचे १४८ आणि गांगुलीचे १२८ आठवतात, पण पहिल्या दिवशी ढगाळ हवेत, चेंडू हलत असताना बांगरनं सलामीला ६८ केल्या आणि द्रविडबरोबर १७० जोडल्या, त्याशिवाय पुढचे ६२८ उभे राहिलेच नसते, असं त्यांचं ठाम मत आहे. माझंही तेच मत आहे. ते सांगत होते की त्या दिवशी बीड स्टँडवर गाड्यांची घोषणा करता करता त्यांनी माईकवर मध्येच सांगितलं होतं, "आपला बांगर अजून खेळतोय."

सचिन धसची आठवण ऐकायला एका मोबाइल दुकानात गेलो. ६ फेब्रुवारी २०२४, एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, बेनोनीला. २४५ करायच्या होत्या आणि ३२ वर ४ गेलेले. तिथून उदय सहारनबरोबर १७१ ची भागी, धसच्या ९६. दुकानदार म्हणाला की शंभराला चार कमी असताना तो बाद झाला तेव्हा दुकानातल्या एका अनोळखी गिऱ्हाइकानं त्याचा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. भारत दोन गडी राखून जिंकला. ते गिऱ्हाईक आता त्याचं पक्कं मित्र आहे. मोबाइलचं कव्हर घ्यायला आलं होतं.

रात्री जेवायला येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाला घातलेलं पीठ. घरी न्यायला ओळखीतून पाव किलो मिळालं तर सोडू नका.

तिसरा दिवस : लातूर, येळवस

पहाटेच निघालो. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन धावतपळत. लातूर गाठलं तर शहर संचारबंदी लागल्यासारखं रिकामं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली; लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी माणूस घरात सापडत नाही, सगळे शेतात. बाहेरून येणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुकानं, हॉटेलं बंद असतात, पेट्रोल आदल्या दिवशी भरा. आणि जेवणाची काळजी अजिबात करू नका. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात.

आम्ही अण्णांच्या सोबत्याच्या शेतात, औसा रस्त्याला. कडब्याची कोप उभारलेली, आत पांडव मांडलेले, चुन्यानं रंगवलेले. पूजा झाली, शेताच्या चारी अंगांनी अंबिल शिंपडली आणि मग पंगत. भज्जी! तूर, वाटाणा, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, चिंचेचं पाणी आणि बेसन, सगळं एका भांड्यात शिजलेलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली थंडगार अंबिल. मी तीन वेळा भज्जी घेतली. सप्टेंबरच्या पुरात यांचं सोयाबीन गेलं होतं, बांध फुटलेला तसाच दिसत होता. तरी पंगतीत एक माणूस कमी बोलावला नव्हता.

जेवणं झाल्यावर सोबत्याच्या थोरल्या मुलाला विचारलं. दादा लातूरला शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं : २७ मार्च २०१६, मोहाली. कोहलीच्या नाबाद ८२.

"टँकरच्या लाईनीत बघितली."

त्या वर्षी लातूरच्या नळाला पाणी नव्हतं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. टँकर कधी येईल सांगता येत नव्हतं, म्हणून रात्री घागरी लावून माणसं बसून असायची. दादा घागरींच्या रांगेत, गल्लीतली आठ-दहा माणसं एका मोबाइलभोवती. १६१ करायच्या होत्या. कोहली आणि धोनी एकेरीच्या दुहेरी करत पळत होते.

"शेवटच्या तीन ओव्हर राहिल्या आणि टँकर आला," दादा म्हणाले. "आता काय करावं? एकानं मोबाइल टँकरच्या बोनेटवर ठेवला. ड्रायव्हरनं पाइप लावला. घागर भरली की पुढं सरकायचं, सरकताना स्क्रीनकडं मान वळवायची. एक थेंब सांडू दिला नाही कुणी. फॉकनरला चौके बसले तेव्हासुद्धा."

पंधरवड्यानं, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३० तारखेनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मी पुण्यात होते तेव्हा आणि खूप लोकांना त्याचं वाईट वाटलेलं ऐकलं होतं. दादांना विचारलं. ते म्हणाले, "मॅच काय, कुठं पण बघतो आपण. पाणी इथंच लागतंय." मला वाटतं या विषयावर याहून नीट मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

त्या रात्री अहमदाबादला मालिकेचा शेवटचा सामना. गावातल्या घरी ओसरीवर टीव्ही आणला, सगळे गोधड्या घेऊन बसलो. हार्दिकनं १६ चेंडूंत पन्नास केल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर दादांची धाकटी मुलगी. चहा दादांनी केला.

चौथा दिवस : किल्लारी, उजनी, तुळजापूर

किल्लारीला जायचं की नाही यावर माझं आणि अण्णांचं आदल्या रात्री बोलणं झालं होतं. क्रिकेटच्या आठवणी विचारत तिथं कसं जायचं, असं मला वाटत होतं. अण्णा म्हणाले, "तिथल्या माणसांनी काय मॅच बघितल्याच नाहीत का?"

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. स्मृतिस्तंभापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. नवीन किल्लारीत अण्णांच्या ओळखीचे एक गृहस्थ राहतात, तेव्हा अठरा वर्षांचे होते. आई आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले. मी त्यांना काही विचारलं नव्हतं, अण्णांनीच आमच्या प्रवासाचं सांगितलं. ते आत जाऊन पाणी घेऊन आले, बसले आणि म्हणाले, "हिरो कप."

२४ नोव्हेंबर १९९३. भूकंपाला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. हे सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. मदतकार्याला आलेल्या कुणीतरी एक छोटा टीव्ही ठेवला होता. कलकत्त्याला सेमीफायनल, दक्षिण आफ्रिकेशी. आपल्या १९५ झाल्या होत्या. शेवटच्या षटकात त्यांना ६ हव्या होत्या आणि अझरुद्दीननं चेंडू सचिनच्या हातात दिला, तोवर त्या सामन्यात एकही षटक न टाकलेल्या सचिनच्या.

"आम्ही पोरं पोरं होतो, दहा-बाराजण. दोन महिन्यांत कुणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं शेडात. पैल्या बॉलला रनआऊट झाला, कुनी ओरडलं न्हाई. सवयच गेलती. शेवटचा बॉल पडला, दोन रननं जिंकलो, आनि मग एकदम सगळ्यांनी आरडा केला. पत्रं वाजली. बाजूच्या शेडातल्या बाया, म्हातारी मानसं, लेकरं घेऊन बाहेर पळाली. त्यांना वाटलं, परत आला."

तेव्हा छोटे धक्के अजून बसतच होते.

"आम्ही बाहेर जाऊन सांगितलं, भूकंप न्हाई, मॅच जिंकलो. माझी चुलती दारात लेकरू धरून उभी होती, थरथरत. तिनं माझ्या थोबाडीत दिली. आनि मग हसाय लागली. तिचं हसणं बघून सगळे हसाय लागले. थांबंनातच. त्याच्यानंतर मग रडलो सगळे. तवर कुनी नीट रडलंबी नव्हतं."

निघताना त्यांनी शेतातली तुरीची ओली शेंग ओंजळभर दिली. मी ती पुण्याला आणली.

औशाला परत येऊन तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत उजनीची बासुंदी. दाट, लालसर, साय जाड. वाटीभर घ्या, जास्त घेतली तर पुढं गाडी चालवणं अवघड जाईल. अण्णांना साखर आहे, त्यांनी दोन चमचे माझ्यातली खाल्ली.

तुळजापूरला शनिवारची गर्दी. गाडी खाली लावून चालत गेलो. देवळाजवळ गाडी न्यायच्या फंदात पडू नका. प्रसादाच्या दुकानदाराला विचारलं तर त्यानं राजवर्धन हंगरगेकरचं नाव घेतलं, इथलाच. ३१ मार्च २०२३, आयपीएलचा पहिला सामना, चेन्नईकडून पहिल्यांदा उतरला आणि गुजरातचे तीन गडी घेतले. दुकानदारानं त्या रात्री दुकान नेहमीपेक्षा लवकर बंद केलं होतं, तेवढं एकदाच.

दर्शनाची रांग मोठी होती. दीड तास. अण्णांना कठड्याला टेकवून उभं केलं. मंडपात अंधारून आलं, दिवे लागले. अण्णा बराच वेळ समोर बघत होते. मग म्हणाले, "शारजाच्या मॅचला तू कुठं होतीस?"

"काकूंच्या घरीच."

"मला दिसली नाहीस."

"स्वयंपाकघरात होते. चहा करत होतो आम्ही पोरी. बैठकीत जागा नव्हती."

अण्णा काही बोलले नाहीत.

"पण मी बघितली मॅच," मी म्हटलं. "स्वयंपाकघराच्या दारातून समोर काकूंचं काचेचं कपाट दिसायचं. त्या काचेत टीव्ही दिसायचा. तुम्ही बॅटरी लावल्यावर छोटा टीव्ही पण तिथंच वर ठेवला ना, तो पण दिसत होता. सगळं बघितलं. फक्त उलटं."

"उलटं म्हणजे?"

"काचेत ना. सचिन डावखुरा दिसायचा. त्याच्या सगळ्या १४३ धावा मी डावखुऱ्या बघितल्यात. अजून ती मॅच आठवली की तो मला डावखुराच दिसतो."

रांग दोन पावलं पुढं सरकली. अण्णांनी माझं कोपर धरलं. जरा वेळानं म्हणाले, "म्हणजे बेव्हन उजव्या हातानं खेळला तुझा?"

"हो. शंभर केल्या त्यानं."

"आणि गांगुली?"

"तो पण उजव्या."